निर्जंतुकीकरण विभागातील पाणी : त्याचे काम व त्याची बचत

आपल्या रुग्णालयाचा निर्जंतुकीकरण विभाग पाहावयास येणाऱ्या देणगीदारांचे लक्ष हटकून एका गोष्टीकडे जाते. ऑटोक्लेव्ह यंत्राच्या मागील नळीतून कोमट पाणी गटारात वाहत असते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागणाऱ्या संस्थेत ही उधळपट्टी कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येथे थोडे सविस्तर देत आहोत. कारण पाण्याच्या पुनर्वापराची जी योजना विश्वस्त मंडळापुढे विचाराधीन आहे, तिचे मर्म या उत्तरातच आहे.

शस्त्रक्रियेची उपकरणे, गाऊन व गॉज यांचे गठ्ठे दाबाखालील वाफेत १३४ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटे, अथवा १२१ अंशांना १५ मिनिटे ठेवले म्हणजे जंतू व त्यांचे बीजाणू नष्ट होतात. परंतु त्यापूर्वी कापडाच्या घड्यांत दडलेली हवा काढावी लागते; हवा असेल तेथे वाफ पोहोचत नाही. नंतर कापडात मुरलेला ओलावा काढावा लागतो. ओलसर वेष्टनातून बाहेरचे जंतू आत झिरपू शकतात, म्हणून ओला निघालेला गठ्ठा निर्जंतुक मानला जात नाही. तो उघडून, नव्याने बांधून पुन्हा यंत्रात घालावा लागतो. ठरलेली शस्त्रक्रिया तास-दीड तास पुढे जाते, तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना न दिसणारे एक कारण हेही असू शकते.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच : यंत्राच्या कक्षात पोकळी निर्माण करणे. वाहून जाणारे ते पाणी हेच काम करीत असते. पंपाच्या दाबाने पाणी एका निमुळत्या तोंडातून जोरात सोडले जाते. वेग वाढला की प्रवाहातील दाब घटतो, हे बर्नुली यांनी १७३८ मध्ये मांडले. निमुळत्या नळीतील त्याचा परिणाम इटलीच्या जोव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. कमी दाबाच्या त्या जागी कक्षाकडून आलेली नळी जोडलेली असते. तिच्यातून हवा व वाफ खेचली जाते आणि धारेबरोबर बाहेर पडते. या व्हेंचुरीत फिरणारा एकही भाग नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नळाला लावलेला गाळणपंप ज्यांनी वापरला असेल, त्यांना ही ओळख जुनीच आहे.

वाफेच्या बाबतीत पाणी आणखी एक मोठे काम करते. १ लिटर पाण्याची उकळबिंदूला सुमारे १,६७० लिटर वाफ होते. थंड धारेला भिडताच ती पुन्हा लिटरभर पाणी होते आणि मागे पोकळी राहते. गरम असताना घट्ट झाकलेला डबा निवल्यावर उघडता उघडत नाही, तोच हा प्रकार. न्यूकोमेन यांचे १७१२ चे इंजिन याच बळावर खाणीतले पाणी उपसत असे.

मात्र वाफ निवते तेव्हा तिची उष्णता पाण्यात उतरते. १ किलो वाफेचे ४० अंशांचे पाणी व्हावयाचे तर सुमारे ६०० किलोकॅलरी बाहेर पडतात. ३० अंशांचे पाणी ४० अंशांपलीकडे तापू द्यावयाचे नसेल, तर दर किलो वाफेमागे सुमारे ६० लिटर पाणी लागते. गटारात जाते ते हेच.

ते ४० अंशांपलीकडे का तापू द्यावयाचे नाही? पाण्याला स्वतःचा बाष्पदाब असतो : २० अंशांना पाऱ्याचे सुमारे १७.५ मिलिमीटर, ३० अंशांना ३२, ४० अंशांना ५५ आणि ५० अंशांना ९२. धारेचे पाणी जितके उष्ण, तितकी पोकळी उथळ. या मर्यादेखाली व्हेंचुरी जाऊच शकत नाही. पोकळी खोल असेल तर कापडातील ओलावा कमी तापमानालाही उकळून निघून जातो. मे महिन्यात गच्चीवरील टाकी तापली की गठ्ठे वाळण्यास वेळ लागतो, त्याचे हे कारण.

म्हणूनच "एक टाकी बसवा आणि तेच पाणी फिरवा" ही अनेकांची सूचना आम्हांस अपुरी वाटते. १,००० लिटरच्या टाकीत १० किलो वाफ मुरली की पाणी सुमारे ६ अंशांनी तापते. काही फेऱ्यांतच पाणी वाचेल आणि गठ्ठे मात्र ओले निघतील. टाकीला शीतकरण मनोऱ्याची जोड हवी. मनोऱ्यात थोडे पाणी वाफ होऊन उडते व उरलेले निवते. तेथे दर किलो वाफेमागे उडून जाणारे पाणी साधारण १ लिटर. क्षार साचू नयेत म्हणून अधूनमधून बदलावे लागणारे पाणी वेगळे. शिवाय हवा कोरडी असते तेव्हा मनोरा उत्तम चालतो, आणि आपल्याकडे पाण्याची टंचाई नेमकी त्याच दिवसांत असते. पावसाळ्यात तो तितका निववणार नाही. त्यासाठी पाणी ठराविक तापमानावर गेले की ताजे पाणी सोडणारी झडप लागेल.

आणखी एका झडपेबद्दल आमचा आग्रह आहे. वीज गेली व पंप थांबला, तर कक्षातील पोकळी पाणी उलट खेचू शकते आणि निर्जंतुक झालेला अख्खा घाणा वाया जातो. एकाच दिशेने उघडणारी झडप हे टाळते.

टाकी, पंप, मनोरा व झडपा यांचा प्रस्ताव यामुळे एकत्रच मांडला आहे. केवळ टाकीसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या हितचिंतकांनी कृपया आधी विभागप्रमुखांची भेट घ्यावी, ही विनंती.