झोपलेल्या ॲप्सना कशाला मारता?

माझ्या रूममेटला एक सवय आहे. फोन बाजूला ठेवायच्या आधी ती उघडी ॲप्स एकेक करून वर ढकलते आणि शेवटी ‘क्लिअर ऑल’ दाबते. लेक्चरमध्ये, मेसमध्ये, झोपताना... दिवसातून पन्नासदा तरी. "अगं, मागे बसून बॅटरी खातात ती," हे तिचं ठरलेलं उत्तर. जास्तच संशय आला, तर सेटिंग्जमध्ये जाऊन थेट ‘फोर्स स्टॉप’. गेल्या महिन्यात या सफाईत तिचं मेलचं ॲपही सापडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूचा मेल आला, बारापर्यंत कन्फर्म करा म्हणून. फोन दिवसभर हातात, नेट चालू, पण नोटिफिकेशन आलंच नाही. तिने मेल उघडला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

तिने आधी नेटवर्कला शिव्या घातल्या, मग कंपनीला. मी मात्र गप्प बसून सर्च करत होते, कारण तसलीच सफाई मीही करायचे. जे सापडलं त्याने आम्हा दोघींची चांगलीच जिरली.

आधी एक प्रयोग करा. फोन रीस्टार्ट करा आणि लगेच ती अलीकडच्या ॲप्सची यादी उघडा. बहुतेक फोनमध्ये कालचीच ॲप्स तिथे दिसतील. फोन आत्ताच सुरू झालाय, मग ती ‘चालू’ कशी असतील? नसतातच! ती यादी चालू ॲप्सची नाही, तुम्ही अलीकडे काय उघडलं होतं त्याची आहे. आपण ज्याला सफाई समजतो, त्यात बऱ्याचदा नुसती चित्रं पुसत असतो.

मग मागे गेलेल्या ॲपचं नेमकं होतं काय? आयफोनमध्ये तुम्ही ॲपमधून बाहेर पडलात की त्याला हातातलं काम आवरायला थोडा वेळ मिळतो आणि मग त्याला झोपवलं जातं. ते रॅममध्ये जागा अडवून असतं, पण प्रोसेसर वापरत नाही. अँड्रॉइड पूर्वी याबाबतीत बरंच सैल होतं, दर काही वर्षांनी नियम कडक होत गेले. 2015 च्या अँड्रॉइड 6 मध्ये ‘डोझ’ आलं. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो नुसता पडून असेल, तर ॲप्सची कामं थांबवून ठेवायची आणि मधूनमधून थोडा वेळ सगळ्यांना एकदम उरकू द्यायची. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून तर फोन ॲप्सचे गटच पाडतो. रोजच्या ॲपला जास्त मोकळीक, महिनोन्महिने न उघडलेल्याला कमी.

राहिला रॅमचा प्रश्न. रॅम रिकामी दिसली की आपल्याला बरं वाटतं, पण रिकाम्या रॅमचा फोनला काही फायदा नाही. तिथे ॲप तयार ठेवलं, तर पुढच्या वेळी ते झटकन उघडतं. जागा कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच कोणाला काढायचं ते ठरवतं. स्क्रीनवरचं ॲप सगळ्यात शेवटी, त्याच्या आधी गाणं वाजवणारं किंवा रस्ता सांगणारं, आणि सगळ्यात पहिला नंबर बराच वेळ कोणी न विचारलेल्याचा. 2008 साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये फक्त 192 एमबी रॅम होती. म्हणजे ही काटकसर त्याच्या अंगात जन्मापासूनच आहे. उलट तुम्ही बंद केलेलं ॲप पुन्हा उघडताना सगळं पहिल्यापासून लोड करावं लागतं आणि त्याला बॅटरी लागते. रूममेट इन्स्टा बंद करते आणि चार मिनिटांनी पुन्हा उघडते. आता यात कसली बचत?

2016 मध्ये एका आयफोनवाल्याने थेट टिम कुक यांना मेल करून विचारलं होतं, तुम्ही ॲप्स सारखी बंद करता का आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का? उत्तर दिलं ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडरिघी यांनी. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’. त्याच सुमारास अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही असंच सांगितलं. एकमेकांचे कट्टर स्पर्धक इथे मात्र एकमतात!

पण मग ॲप झोपलेलं असेल, तर मेसेज कळतो कसा? मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटलं. प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरकडे कान लावून बसत नाही. अँड्रॉइडवर गुगलचं आणि आयफोनवर ॲपलचं, असं एकच कनेक्शन सगळ्यांसाठी उघडं असतं. आमच्या हॉस्टेलच्या गेटवर एकच वॉचमनकाका असतात, कोणाचं पार्सल आलं की त्या मुलीला हाक मारतात, तसंच. पण ‘फोर्स स्टॉप’ म्हणजे काकांना सांगून ठेवणं की या मुलीला हाकच मारू नका. मग तुम्ही स्वतः ते ॲप उघडेपर्यंत त्याचं नोटिफिकेशन येत नाही आणि त्याने लावलेले अलार्मही रद्द होतात. रूममेटचा मेल असाच गेटवर पडून राहिला.

याचा अर्थ सगळी ॲप्स साधीभोळी आहेत असं अजिबात नाही. 2015 मध्ये फेसबुकचं आयफोन ॲप बॅटरी जाळतंय अशी ओरड झाली. व्हिडिओ बघून बाहेर पडल्यावरही ॲप आवाज वाजत असल्यासारखं वागत होतं, आवाज मात्र शून्य. आयफोनला वाटायचं गाणं चालू आहे, म्हणून तो त्याला झोपवायचाच नाही. चूक फेसबुकने मान्य करून दुरुस्त केली. असं एखादं ॲप सापडलं, तर ते जरूर बंद करा. पण ते सापडतं सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर. सरसकट सगळ्यांना हाकलून कळत नाही.

स्वस्त फोनवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं आहे, आणि त्यात मीही आले. माझ्याकडे तीन जीबी रॅमचा जुना फोन आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म ब्राउझरमध्ये भरत होते, अर्धा तास घालून. मार्कशीटचा फोटो काढायला कॅमेरा उघडला, परत आले तर पान पहिल्यापासून लोड झालं आणि फॉर्म कोराच! कॅमेरा हा रॅमच्या बाबतीत भलताच खादाड. त्याला जागा करून द्यायला फोनने ब्राउझरचा बळी दिला होता. तेव्हा कागदपत्रांचे फोटो आधीच काढून ठेवा आणि फॉर्मला ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल, तर दर पानाला दाबा.

त्यात काही कंपन्या बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी अँड्रॉइडच्या नियमांवर स्वतःचे आणखी कडक नियम लादतात. तिथे नुसतं स्वाइप केलेलं ॲपही कायमचं गप्प होऊ शकतं. ‘डोन्ट किल माय ॲप’ या वेबसाइटवर कोणत्या कंपनीच्या फोनमध्ये कोणतं सेटिंग बदलायचं ते दिलेलं आहे. साधारणपणे ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी उघडायची आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडायचं. हे मेल, औषधाची आठवण करून देणारं ॲप अशा दोन-चारांनाच द्या. सगळ्यांना दिलंत, तर बॅटरी खरंच संपेल.

रूममेटने मेलला ते देऊन टाकलंय. ‘फोर्स स्टॉप’ही सोडलं. ‘क्लिअर ऑल’ मात्र सुटत नाही. परवा विचारलं, तर म्हणाली, "स्क्रीन रिकामी दिसली की कसं अभ्यास संपल्यासारखं वाटतं गं."