रोखता आणि व्यवसायाचे सातत्य : हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या आधारे एक विवेचन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'कंपनी तोट्यात गेली की बंद पडते' हे सहज पटते. मात्र 'नफा दाखवणारी कंपनी पगाराच्या दिवशी अडकते' असे म्हटले की तो गोंधळतो. याचे कारण अध्यापनात आहे. नफा-तोटा पत्रकावर जितके तास खर्च होतात, त्याच्या निम्मेही रोख प्रवाह पत्रकाच्या वाट्याला येत नाहीत. प्रस्तुत लेखात रोखता आणि व्यवसायाचे सातत्य या दोन संकल्पनांचा संबंध हैदराबाद शहरातील एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट केला आहे.

प्रथम एक साधी कल्पना करू. चिक्कडपल्लीतील सिटी सेंट्रल लायब्ररीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची गर्दी असते. समजा, त्या परिसरात वह्या-पुस्तकांचे एक दुकान आहे. दुकानात ६ लाखांचा माल आहे, शाळांकडून १ लाखाची उधारी येणे आहे आणि गल्ल्यात २० हजार रुपये आहेत. कागदाच्या घाऊक व्यापाऱ्याचे, भाड्याचे व नोकरांच्या पगाराचे मिळून ३ लाख या महिन्यात द्यायचे आहेत. चालू मालमत्ता ७.२० लाख व चालू देणी ३ लाख, म्हणजे चालू गुणोत्तर २.४ येते. पाठ्यपुस्तकातील २:१ या कसोटीवर दुकान सुदृढ ठरते. माल बाजूला काढला की हेच गुणोत्तर ०.४ वर उतरते. शाळा सुरू होण्यास दोन महिने अवकाश असेल, तर वह्या विकल्या जाणार नाहीत आणि घाऊक व्यापारी तोवर थांबणार नाही. दुकानदार श्रीमंत आहे, पण त्याच्या हातात पैसा नाही.

रोखता म्हणजे देणे ज्या दिवशी द्यायचे त्या दिवशी ते देण्याची क्षमता होय. येथे रकमेइतकेच महत्त्व तारखेला आहे. ताळेबंद मात्र एकाच दिवसाचे चित्र देतो, आणि तेही खरे आहे असे आपण धरून चालतो.

हे गृहीत किती महागात पडू शकते, ते सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसने दाखवून दिले. १९८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीत २००८ अखेर सुमारे ५० हजार कर्मचारी होते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र पाठवून हिशेबातील खोटेपणा कबूल केला. त्या पत्रातील आकडे वर्गात मांडण्यासारखे आहेत.

३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. उरतात ३२१ कोटी. येणी २,६५१ कोटी दाखवली होती, त्यांत ४९० कोटी फुगवलेले होते. शिवाय १,२३० कोटींचे देणे पुस्तकात नोंदलेलेच नव्हते. त्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी व कार्यचालन नफा ६४९ कोटी जाहीर झाला होता. पत्रानुसार खरे आकडे अनुक्रमे २,११२ कोटी व ६१ कोटी होते.

आता वजाबाकी करावी. २,७०० मधून ६४९ गेले की २,०५१ उरतात. २,११२ मधून ६१ गेले तरी २,०५१ च उरतात. म्हणजे खर्च खरा होता, खोटे होते ते केवळ उत्पन्न. फुगवलेल्या उत्पन्नाचे ५८८ कोटी कोठेतरी दिसायला हवेत, म्हणून ते बँक शिल्लकेत जाऊन बसले. दुहेरी नोंद पद्धतीत एक खोटी नोंद दुसरी खोटी नोंद मागते. विद्यार्थ्यांना हा नियम समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

या खर्चाला तिमाहीच्या ९२ दिवसांनी भागले असता दररोजचा खर्च सुमारे २२ कोटी येतो. पुस्तकातील शिल्लक खरी असती, तर एक रुपयाही वसूल न होता कंपनी सुमारे २४० दिवस चालली असती. प्रत्यक्षात पैसा होता जेमतेम १४ दिवसांचा. कोणत्याही गुणोत्तरापेक्षा हे दिवसांचे माप विद्यार्थ्याच्या अधिक लक्षात राहते.

बँकेतील शिल्लक ही तपासायला सर्वांत सोपी बाब. बँकेला थेट पत्र लिहून उत्तर थेट मागवायचे, एवढेच काम असते. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने एप्रिल २०११ मध्ये लेखापरीक्षक संस्थेच्या भारतीय शाखांना दंड केला. रोख शिल्लकेची खातरजमा स्वतःच्या नियंत्रणाखाली न केल्याचा ठपका त्यात होता.

सातत्याचा प्रश्न

लेखा मानक १ नुसार विवरणपत्रे तयार करताना व्यवसाय नजीकच्या काळात चालू राहील असे मूलभूत गृहीतक असते. यंत्राचा घसारा दहा वर्षांत विभागता येतो तो याच आधारावर. उद्या दुकान बंद होणार असेल तर त्या यंत्राची किंमत भंगाराच्या भावाने धरावी लागेल. हे गृहीतक योग्य आहे काय, याचा विचार लेखापरीक्षण मानक ५७० प्रमाणे लेखापरीक्षकाने करायचा असतो. मोठी शंका असल्यास तसे अहवालात लिहावे लागते. यात एक पेच आहे. अशी शंका छापून येताच पुरवठादार उधारी थांबवतात, बँका हात आखडतात, आणि शंका स्वतःच खरी होऊ लागते. म्हणून अनेकदा ती उशिरा लिहिली जाते.

मग १४ दिवसांची रोकड असलेली सत्यम वाचली कशी? सरकारने जुने संचालक मंडळ दूर करून किरण कर्णिक, दीपक पारेख व सी. अच्युतन यांना नेमले. पुढे आणखी तिघे आले. नव्या मंडळापुढील पहिला प्रश्न दोषी कोण हा नव्हता. पगार कशातून द्यायचा, हा होता. फुगवटा वजा करूनही पुस्तकात २,१६१ कोटींची येणी उरत होती, आणि ती परदेशातील मोठ्या ग्राहकांकडून यायची होती. वसुलीवर भर दिला गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीस बँकांकडून ६०० कोटींच्या कर्जाची सोय झाली. १३ एप्रिल २००९ रोजी पुण्याच्या टेक महिंद्राची प्रति समभाग ५८ रुपयांची बोली सर्वोच्च ठरली. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : त्यातील ३१ टक्के हिस्सा नव्याने काढलेल्या समभागांचा होता. त्यामुळे सुमारे १,७५६ कोटी रुपये जुन्या भागधारकांच्या खिशात न जाता थेट कंपनीच्या तिजोरीत आले. २०१३ मध्ये सत्यम टेक महिंद्रात विलीन झाली. राजू यांना हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली.

मुंबईच्या जेट एअरवेजचे तसे झाले नाही. बँकांनी तातडीचा निधी नाकारल्यावर १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचे शेवटचे विमान उतरले. येथे फरक व्यवसायाच्या स्वरूपाचा आहे. सत्यमचे ग्राहक कंपनीचे देणेकरी होते. जेटच्या प्रवाशांनी तिकिटाचे पैसे आधीच भरले असल्याने तेच तिचे धनको होते. बरीच विमाने भाड्याची, भाडे थकले की मालक ती परत नेणार. इंधन तर रोजच्या रोज लागणारे. सत्यमच्या संगणकांसमोर माणसे बसून राहिली तोवर बिले निघत राहिली. जेटची विमाने उभी राहिली आणि त्याच दिवशी उत्पन्न शून्यावर आले. पुनरुज्जीवनाची योजना पाच वर्षे रेंगाळली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा आदेश दिला.