कोरडा दिवस आणि आमचा नळ

पावसाळा लागला की आमच्या गल्लीत आशाताई आणि आरोग्य सेवक येतात. बॅटरीच्या उजेडात रांजण, ड्रम, कूलरच्या टाक्या तपासतात. अळ्या दिसल्या की भांडे ओतायला लावतात आणि जाताना बजावतात, ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.’ दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलाला डेंगी झाला, तेव्हा त्याच्या आईला पहिला प्रश्न हाच विचारला गेला : कोरडा दिवस पाळत होतात का? ती गप्प राहिली. मराठवाड्यातल्या आमच्या शहरात नळाला आठवड्याने पाणी येते. कधी दहा दिवसही लागतात. भरलेला ड्रम तिने कोणत्या दिवशी ओतून द्यायचा होता?

सूचना चुकीची आहे, असे मी म्हणत नाही. तिच्यामागे पक्का हिशेब आहे. डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी गटारापेक्षा घरातले साठवणीचे स्वच्छ पाणी पसंत करते. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी पाणी ओतले की अळ्या आणि कोष मरतात, म्हणून आठवडा. मात्र ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या अंगाला. तिथे ती कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की फुटतात. तेव्हा भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून घासावे लागते. ‘कोरडा’ या शब्दात हे घासणे कुठेच येत नाही.

पाणीपुरवठा आणि डास यांचे हे नाते जुने आहे. मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेणाऱ्या डॉ. बेंटली यांनी 1911च्या अहवालात घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवले. विहिरी झाकायला, बुजवायला धार्मिक कारणांवरून विरोध झाला, तरी पालिकेला तो आग्रह धरता आला. कारण विहारचे पाणी 1860 मध्ये आणि तानसाचे 1892 मध्ये शहरात आलेले होते. विहीर गेली तरी नळ होता.

आमच्याकडे नेमके उलटे आहे. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या दिवसांची आठवण असलेला माणूस तांब्याभर पाणीही सहजी ओतत नाही. त्याला हट्टी किंवा अडाणी म्हणणे सोपे आहे.

उपाय आहेत. ड्रमला घट्ट झाकण, नाहीतर दुहेरी कापड बांधणे. हौदात गप्पी मासे. वापरायच्या पाण्यात आरोग्य सेवकाने मापून टाकलेले अळीनाशक. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कोरडा दिवस पंचांगावर न ठरवता नळाच्या पाळीवर ठरवणे. पाणी येण्याच्या आदल्या रात्री भांडी तळाला गेलेली असतात. तीच घासायची वेळ. त्यासाठी पाणी केव्हा येणार हे घरोघरी आधी कळायला हवे. म्हणजे आरोग्य खात्याच्या सूचनेची निम्मी जबाबदारी पाणीपुरवठा खात्याकडे जाते.

शेजारीण आता तसेच करते. पाळीच्या आदल्या रात्री काथ्या घेऊन ड्रममध्ये वाकते. गेल्या महिन्यात तिने ड्रम घासून ठेवला आणि पाणी आले तिसऱ्या दिवशी. ते दोन दिवस तिने आमच्याकडून कळशीने पाणी नेले.