पोर्ट शिकागो : पडद्यामागचा खरा इतिहास

चित्रपट : ‘म्यूटिनी’ (१९९९), एनबीसी वाहिनी. दिग्दर्शक केव्हिन हुक्स. कार्यकारी निर्मात्यांत मॉर्गन फ्रीमन.

पार्श्वभूमी : पोर्ट शिकागो हा कॅलिफोर्नियातील अमेरिकी नौदलाचा तळ. जहाजांवर दारूगोळा चढवणारे सगळे कृष्णवर्णीय, हुकूम देणारे अधिकारी गोरे. स्फोटके हाताळण्याचे पुरेसे प्रशिक्षण खलाशांना दिलेच नव्हते. उलट, कोणती तुकडी जास्त माल चढवते यावर अधिकारी पैजा लावत.

स्फोट : १७ जुलै १९४४च्या रात्री दोन जहाजांसह धक्का उद्ध्वस्त झाला. ३२० ठार, त्यांत २०२ कृष्णवर्णीय. वाचलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना रजा मिळाली, कृष्णवर्णीय खलाशांना नाकारली गेली.

नकार : ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच कामाचा हुकूम सुटला. २५८ जणांनी नकार दिला. त्यांपैकी ५० जणांवर बंडाचा खटला चालून सर्वांना शिक्षा झाली. नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल (पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती) यांनी त्यांच्या सुटकेसाठी लढा दिला. १९४६च्या जानेवारीत बहुतेकांची सुटका झाली, पण दोषीपणाचा शिक्का पुसला गेला नाही.

परिणाम : त्याच वर्षी नौदलाने वर्णभेदी विभागणी अधिकृतपणे संपवली. त्यामागे या प्रकरणाचा दबावही होता.

न्याय : १९९९मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्या ५० जणांपैकी फ्रेडी मीक्स यांना माफी दिली. पण माफी दोषी माणसाला देतात. या खलाशांना हवे होते निर्दोषत्व. १७ जुलै २०२४ रोजी, स्फोटाला ८० वर्षे पूर्ण होताना, नौदलाने ते अखेर जाहीर केले.