हाडासाठी जागा धरणारा पडदा

पायोरिया बळावला की दाताभोवतीचे हाड झिजते आणि दात हलू लागतो. मुळाशी साचलेली घाण खरवडून काढली, तरी गेलेले हाड सहसा परत येत नाही. खरे तर हाड भरून काढणे शरीराला जमते. मोडलेला हात जुळतोच की! इथे अडचण आहे ती वेगाची. हिरडीच्या पेशी भराभर वाढतात आणि मोकळी झालेली जागा बळकावतात. हाडाच्या पेशी सावकाश येतात, तोवर जागाच उरलेली नसते.

यावरचा उपाय एसटीत रुमाल टाकून जागा धरण्यासारखा आहे. स्वीडनमधील स्टुरे नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एका रुग्णाच्या हिरडीखाली, प्रयोगशाळेत गाळणीसाठी वापरतात तसला पातळ पडदा ठेवला. हिरडीची वाट अडली आणि दाताच्या मुळाला धरून ठेवणारे तंतू पुन्हा तयार झाले. पुढे टेफ्लॉनच्या जातीचे पडदे आले. ते टिकाऊ होते, पण काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. म्हणून आपोआप विरघळणारे पडदे आले: काही प्राण्यांच्या कोलॅजेनचे, तर काही पॉलिलॅक्टिक आम्लाचे. हे दुसरे म्हणजे विरघळणाऱ्या टाक्यांचे भाऊबंदच.

तोंडात जंतूंना तोटा नाही. वरची हिरडी उसवून पडदा उघडा पडला की जंतू त्यावरच ठाण मांडतात आणि सारी मेहनत वाया जाऊ शकते. गोळी घेतली तर औषध अंगभर फिरते, हवे तिथे थोडेच पोहोचते. मग ते पडद्यातच का भरू नये? डॉक्सिसायक्लिन मिसळलेला असा पडदा अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीस वापरातही आला. आता संशोधक विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून केसाहून कितीतरी बारीक तंतू ओढतात. जत्रेतल्या ‘बुढ्ढी के बाल’सारख्या या जाळीत औषध गुंफलेले असते.

घोडे अडते ते वेळेच्या गणितावर. बरेचसे औषध पहिल्याच एक-दोन दिवसांत सुटून जाते. ते फार झाले तर नव्या पेशींनाच अपाय होतो. कमी पडले तर जंतू त्याला सरावतात. पडदाही हाड धरेपर्यंत काही आठवडे टिकायला हवा. तो झपाट्याने विरघळला, तर सुटणाऱ्या आम्लाने जखम चिडते. त्यामुळे औषधी पडद्यांवरचे बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच चालू आहे. दवाखान्यात बहुधा साधा कोलॅजेनचा पडदा बसवतात आणि गरजेप्रमाणे औषध वेगळे देतात.

हे कोलॅजेन बऱ्याचदा डुकराचे किंवा गोवंशाचे असते. ज्यांना ते चालणार नाही, त्यांनी शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना विचारावे. कृत्रिम पर्याय असतात. तंबाखू, मिशरी किंवा सिगारेट चालू असेल, साखर आटोक्यात नसेल, तर तेही लपवू नये. जखम भरण्यावर त्याचा थेट परिणाम होतो. शस्त्रक्रियेनंतर, डॉक्टर सांगेपर्यंत, त्या बाजूने चावायचे नाही, ब्रशही लावायचा नाही. दिलेल्या औषधी पाण्याने हलक्या चुळा तेवढ्या भरायच्या.