बक्षिसाचा कप आणि कारागिराची रोजी
घोड्यांच्या बाजारापासून भामरागडच्या मैदानापर्यंत

थंडी सुरू झाली की महाराष्ट्रात यात्रा, बाजार, शंकरपट आणि क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होतो. हा हंगाम बक्षिसांचाही असतो. कप, ढाली, पदके, फेटे, झुली, घुंगुरमाळा, भांडी असा बराच माल या तीन-चार महिन्यांत हातोहात जातो. बक्षीस कोणाला मिळाले हे गावभर होते. ते कोणी घडवले, कोणी विकले आणि घरी नेल्यावर त्याचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. हे पान व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे आहे, म्हणून आम्ही नेमका तोच प्रश्न घेतला आहे.

घोडा आणि इनाम

सुरुवात घोड्यापासून करू, कारण इनामाची जुनी परंपरा घोड्याशी जोडलेली आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्याचे सहीह बुखारीत नमूद आहे. तयार केलेल्या घोड्यांसाठी लांबचे अंतर आणि तयार न केलेल्या घोड्यांसाठी जवळचे, अशी विभागणीही त्या वेळी होती. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) स्वतः त्यात धावले होते. कच्च्या घोड्याला पक्क्या घोड्यासमोर उभे करायचे नाही, हा न्याय आजच्या अनेक आयोजकांनाही उमगलेला नाही.

फिकहचे सर्वसाधारण सूत्र असे की शासकाने किंवा तिऱ्हाईताने स्वतःच्या पदरचे बक्षीस दिले तर ते जायज. सर्व स्पर्धकांनी पैसे एकत्र टाकायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, हा मात्र किमार म्हणजे जुगार होतो. घोडा, उंट आणि तीरंदाजी सोडून इतर स्पर्धांच्या बक्षिसाबाबत उलमांत मतभेद आहेत. त्यासाठी आपल्या गावच्या आलिमांना विचारावे. पण व्यापाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रवेश फी गोळा करून त्यातूनच इनाम वाटणाऱ्या मंडळाला देणगी देण्यापूर्वी हिशेब विचारावा. दुकानाच्या नावाने एखादी वस्तू स्वतः विकत घेऊन देणे हा साफ मार्ग आहे.

आपल्या राज्यात घोड्यांचे मोठे बाजार आजही भरतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा बाजार सर्वांत नावाजलेला. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून मारवाडी आणि काठेवाडी जनावरे तेथे येतात. रूप, चाल, नाच आणि धाव यांच्या स्पर्धा होतात. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत असाच बाजार असतो. नालबंद, खोगीर शिवणारे, लगाम-रिकिबीचे दुकानदार आणि घोड्यांचे दलाल यांत आपले बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

या बाजारातील मालकाला बक्षिसाच्या रकमेचे फार अप्रूप नसते. चांगल्या घोड्याच्या खुराकापुढे आणि वाहतुकीपुढे ती रक्कम किरकोळ ठरते. त्याला हवे असते ते नाव. पहिल्या आलेल्या घोड्याची किंमत वाढते, घोडा नर असेल तर पैदाशीसाठी मागणी येते. म्हणजे येथे खरे बक्षीस कप नसून कपावर कोरलेली ओळ आहे. त्या ओळीत घोड्याचे नाव चुकले, साल राहून गेले किंवा स्टिकर चिकटवून भागवले, तर मालकाचे नुकसान होते. पुढच्या वर्षी गिऱ्हाइकासमोर दाखवायला त्याच्याकडे पुरावा राहत नाही. अक्षर कोरणाऱ्या कारागिराने हे मनावर घ्यावे. कपाच्या किमतीत त्याचा वाटा लहान असतो, पण जबाबदारी सर्वांत मोठी असते.

आठवणीत राहिलेली बक्षिसे

नाव कसे टिकते याचे उदाहरण दूरचे आहे. आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिनला, दरवर्षी घोड्यांचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे देशोदेशीच्या संघांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याची स्पर्धा होते आणि विजेत्या संघाला मिळतो आगाखान करंडक. सर सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी तो १९२६ मध्ये दिला. कराचीत जन्मलेल्या आणि मुंबई-पुण्याशी निकटचा संबंध असलेल्या या गृहस्थांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली : १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२. ते १९५७ मध्ये निवर्तले; करंडकाचे नाव अजून दरवर्षी घेतले जाते. चांगले बक्षीस देणाऱ्याचेही नाव ठेवते, ते असे.

आपल्या देशाचे म्हणाल तर १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत घोडेस्वारीच्या तीन दिवसांच्या स्पर्धेत रघुबीर सिंग यांना सुवर्ण आणि गुलाम मोहम्मद खान यांना रौप्य मिळाले. सांघिक सुवर्णातही दोघांचा वाटा होता. २०१८ मध्ये जकार्ता येथे फवाद मिर्झा यांनी वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्ये आणली. या पदकांचे मोल धातूच्या वजनावर ठरत नाही.

निराशेची बक्षिसे

धातूविषयी बोलायचे तर ऑलिंपिकचे सुवर्णपदकसुद्धा मुख्यतः चांदीचे असते. वर सोन्याचा मुलामा, किमान सहा ग्रॅम. निव्वळ सोन्याची पदके शेवटची दिली गेली ती १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. पण ऑलिंपिकवाले हे लपवत नाहीत. २०२४ च्या पॅरिस खेळांत पदकात आयफेल मनोऱ्याचे जुने लोखंड बसवले होते. त्यांतील काही कांस्यपदके थोड्याच दिवसांत काळवंडली, त्यांची पुटे निघू लागली. तक्रारी आल्यावर फ्रान्सच्या टांकसाळीने ती बदलून दिली. एवढ्या मोठ्या ठिकाणी असे घडते, तर आपल्या बाजारात काय होत असेल?

आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक चकाकते कप प्लास्टिकचे असतात. वर धातूचा पातळ थर. खाली वजन यावे म्हणून दगडाचा किंवा लाकडी भुशाच्या पाटीचा ठोकळा. दमट हवेत थर उडतो, ठोकळा फुगतो. 'जर्मन सिल्व्हर' नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूत चांदी औषधालाही नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण आहे. ते विकण्यात गैर काही नाही. 'चांदीचा कप' म्हणून विकण्यात गैर आहे. अस्सल चांदीची वस्तू देणार असाल तर हॉलमार्क आणि शुद्धतेचा आकडा (९२५ म्हणजे शेकडा साडेब्याण्णव) पाहून घ्या आणि पावतीवर लिहून द्या.

दुसऱ्या प्रकारची निराशा मोठ्या बक्षिसांत दिसते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. शर्यती पुन्हा सुरू होताच बक्षिसांची चढाओढ लागली. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखली येथे पहिले बक्षीस जेसीबी यंत्र होते. ऐकायला भव्य वाटते. पण जोडीतले दोन बैल कित्येकदा दोन मालकांचे असतात, हाकणारा तिसरा असतो. एका यंत्राचे तीन भाग होत नाहीत. ते विकायचे तर नवे वाहन दुकानाबाहेर पडताच किंमत उतरते. ठेवायचे तर विमा, डिझेल, चालक आणि कामाचा शोध. ज्याच्याकडे तो धंदा नाही त्याच्या दारात ते बक्षीस ओझे होऊन उभे राहते.

भामरागडचा प्रश्न

आता आमच्या भागाकडे येऊ. उत्तर गडचिरोली आणि ब्रह्मपुरीकडच्या झाडीपट्टीत शंकरपट आणि रात्रीची नाटके ही जोडी जुनी आहे. पट भरला की मिठाईवाला, बांगडीवाला, भांडीवाला, कापडवाला, सगळ्यांचा धंदा होतो. २०१४ नंतरची सात वर्षे या दुकानदारांनी सोसली. झुली शिवणारे आणि घुंगुरमाळा ओवणारे हात तर रिकामेच झाले.

दक्षिणेला भामरागडचे चित्र वेगळे आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे, छत्तीसगडच्या सीमेला टेकलेले हे माडिया गोंडांचे गाव. येथे घोड्यांचे प्रदर्शन भरत नाही. येथले सर्वांत मोठे बक्षीस सर्वांना ठाऊक आहे : जवळच्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या कामासाठी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मिळालेला मॅगसेसे पुरस्कार. पण गावोगावच्या पोरांना ठाऊक असलेली बक्षिसे म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि रेला नृत्याच्या स्पर्धांची. बिरसा मुंडा आणि वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावाने पोलीस दलही अशा स्पर्धा घेते.

या स्पर्धांना लागणारा माल कोठून येतो? नागपूर-चंद्रपूरच्या घाऊक दुकानांतून, तोही बहुतांशी प्लास्टिकचा. गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून कप येथे पोचतो, तेव्हा त्याची एखादी मूठ निसटलेली असते. बदलून आणायला कोण जाणार? पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर आले की रस्ताच बंद. कुडाच्या भिंतींच्या घरात धूर आणि ओल यांत तो कप दोन पावसाळे काढत नाही. दहा कोस चालून आलेल्या पोरांनी जिंकलेली वस्तू अशी निघावी, ही केवळ मालाची तक्रार नाही. शहरातून आलेल्या वस्तूने आपल्याला फसवले, असे त्याला वाटले तर तो पुढे आपल्या दुकानावर का विश्वास ठेवील?

साधा हिशेब मांडू. समजा मंडळाजवळ पाच हजार रुपये आहेत आणि जिंकणारा कबड्डीचा संघ सात जणांचा. चार हजारांचा उंच कप घेतला तर उरलेल्या हजारात माणशी दीडशेही येत नाहीत. हजाराची एक मजबूत ढाल घेतली तर चार हजार उरतात आणि माणशी सुमारे पावणेसहाशेची वस्तू देता येते. विजेरी, घोंगडी, स्टीलचे पातेले, खेळण्याचे जोडे असे काहीही. ढाल गावाच्या घोटुलात किंवा शाळेत राहील आणि वस्तू घरात वापरली जाईल. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत हॉकी-फुटबॉलच्या 'खस्सी' स्पर्धा प्रसिद्ध आहेत. तेथे बक्षीस बोकडाचे असते आणि ते सगळे मिळून खातात. बक्षीस वाटता आले पाहिजे, हे त्या लोकांनी आपल्याआधी ओळखले.

कारागिरांनी काय करावे

ढाल घडवायला लागणारा माल येथेच आहे. आलापल्लीचे सागवान देशभर नावाजलेले. बांबूचा तर हा जिल्हाच. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये स्वतःच्या जंगलातील बांबूचा वाहतूक परवाना हाती घेतला. तेव्हापासून ग्रामसभांकडून रीतसर बांबू विकत घेता येतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. सागवानी पाट, त्यावर बांबूची जाळी, मध्ये पितळेचा कोरीव पत्रा, अशी ढाल आलापल्ली किंवा अहेरीचा सुतार, चिचपल्लीला शिकलेला पोरगा आणि एखादा पितळेवर अक्षरे कोरणारा मिळून सहज करू शकतील. मात्र लाकूड वनखात्याच्या डेपोतून आणि पावतीनेच घ्यावे. पावती नसलेला एक पाट सगळा धंदा बुडवू शकतो.

ज्यांचा संबंध घोड्या-बैलांशी आहे त्यांच्यासाठी बक्षीस म्हणून झूल, म्होरकी, घुंगुरमाळ, खोगीर, लगाम यांचा संच हा उत्तम माल. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, मुरादाबादचे पितळ जगभर जाते. ती नावे गुणांवर टिकली. विजेता मालक असा संच दर बाजारात जनावराला घालतो आणि पाहणारा विचारतो, कोठून आणला? कप कपाटात गप्प बसतो, झूल मात्र बाजारभर फिरते.

ऑर्डर मिळवायची वेळ दिवाळीपूर्वीची आहे. मंडळांकडे, ग्रामपंचायतींकडे आणि शाळांकडे दोन नमुने घेऊन जावे. दर लेखी द्यावा. नावे कोरण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावी, माडिया नावे तर त्या माणसाकडूनच. मोडले तर किती दिवसांत दुरुस्त करून देऊ, तेही सांगावे. दोन संघांचे सामान एकाच पेटीत भरू नये; भामरागडच्या रस्त्याला गवताचे जाड अस्तर लागते.

धान्याच्या राशीची ती हकीकत बहुतेकांनी मशिदीत ऐकली असेल. बाजारातून जाताना हजरत पैगंबरांनी (स.) राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. प्लास्टिकच्या कपावरचा चकाकता थर म्हणजे त्या राशीचा वरचा कोरडा भाग आहे. प्लास्टिकचा कप विका, पण प्लास्टिक म्हणून विका. पितळेचा विका, पितळेच्या भावाने विका. ज्याने घाम गाळून बक्षीस जिंकले आणि ज्याने घाम गाळून ते घडवले, त्या दोघांची मेहनत एकाच वस्तूत असते. ती वस्तू खरी असेल तर दोघांच्या घरात बरकत राहील, इन्शाअल्लाह.