तेराव्याचे वडे

बाबांच्या तेराव्याला पहिली पंगत बसली होती, आणि मी आचारीकाकांसमोर एक वडा मोडून धरला होता. "हे काय केलंय? नुसतं तेल गळतंय! माझ्या बाबांच्या नावाने असलं वाढायचं?" आवाज बाहेर पंगतीपर्यंत गेला. सत्तरीचे काका, पहाटे चारला येऊन त्यांनी डाळ वाटली होती. झारा हातात तसाच धरून ते खाली बघत राहिले. झाऱ्यावरून तेलाचे थेंब फरशीवर पडत होते, ते मला आजही दिसतात. आत्याने दंडाला धरून मला आत नेलं. "त्यांच्यावर का ओरडतेस गं?"

याचं उत्तर मला पुढे बऱ्याच महिन्यांनी सापडलं. राग बाबांवर होता. छातीत दुखतंय हे त्यांनी तीन आठवडे लपवलं. "ॲसिडिटी आहे गं," म्हणत राहिले. पण हार घातलेल्या फोटोवर कोण ओरडणार?

मानसशास्त्रात याला 'विस्थापन' म्हणतात. धरणात गाव गेलेल्यांसाठी आपण वापरतो तोच शब्द, आणि मला तो अगदी पटतो. भावनेला तिच्या जागी राहता येत नाही, मग ती दुसरीकडे बिऱ्हाड करते. वड्याचं तेल वांग्यावर, असं आपण म्हणतोच. पण मन वांगंही पारखून घेतं: जे उलट बोलणार नाही, असं. साहेबांवरचा राग पोरावर निघतो, सासूवरचा भांड्यांवर. आणि हे ठरवून होत नाही. त्या क्षणी मला खरंच वाटत होतं, की वडेच वाईट झालेत.

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली व्हिएन्नातल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी त्याला हान्स हे टोपणनाव दिलं होतं. हा मुलगा घोड्यांना इतका भ्यायचा, की रस्त्यावर जायला तयार नसे. फ्रॉइड यांच्या मते ती भीती मुळात वडिलांची होती. वडील घरातच, शिवाय लाडके. त्यांना टाळणार कसं? घोडा मात्र घरात बसून टाळता येतो. हान्सने गाडीचा घोडा कोसळताना पाहिला होता, भीतीला तेवढं पुरेसं होतं, असं पुढच्या टीकाकारांनी म्हटलं. मलाही फ्रॉइड यांचा सगळा अर्थ पटत नाही. पण ज्याच्यावर जीव आहे त्याच्याबद्दलची कडू भावना तोंडावर येत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते. पुढे १९३६ साली त्यांची मुलगी ॲना हिने मनाच्या अशा बचावांवर पुस्तकच लिहिलं.

राग कुठेतरी काढून टाकला की मोकळं वाटतं, असं पुष्कळजण सांगतात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. चिडवणाऱ्याचा चेहरा मनात आणून ज्यांनी बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. नुसते शांत बसलेले त्यांच्याहून जास्त निवळले. मलाही त्या दिवशी मोकळं वाटलं नव्हतं. संध्याकाळी मी धाकट्या भावावर चपलांवरून ओरडले.

वर्षश्राद्धाला मी मुद्दाम त्याच काकांना बोलावलं. ओट्याशी उभं राहून म्हटलं, "काका, त्या दिवशी वडे चांगले होते. मी बाबांवर चिडले होते."

त्यांनी डाळीत हात घालून ती भिजल्याची खात्री केली. "तुझे बाबा मिरच्या जास्त घालायला सांगायचे," ते म्हणाले. "घालू?"